मसुदा, इशारा आणि वाचक : वेल्ह्याच्या निमित्ताने

विज्ञान लोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून राज्यकर्त्यांवर दबाव येत नाही आणि म्हणून कृती होत नाही, अशी एक समजूत हवामानबदलाच्या चर्चेत रूढ आहे. या मांडणीत वैज्ञानिक हा ज्ञानी लेखक, जनता ही अज्ञानी वाचक आणि शासन हा दोघांमधला तटस्थ निरोप्या ठरतो. साहित्यव्यवहाराच्या अभ्यासकाला ही विभागणी संशयास्पद वाटल्यावाचून राहणार नाही. संहिता वाचकापर्यंत कोणत्या भाषेत, कोणत्या रूपात आणि कोणाच्या हातून पोचते, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याचा गेल्या सहा दशकांचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

आरंभ एका नावापासून करता येईल. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे, काम पुरते न झालेले पानशेतचे धरण फुटले. त्या लोटात खालचे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. मराठी स्मृतीत ही घटना 'पानशेतचा पूर' म्हणून स्थिरावली. पानशेत वेल्ह्यात आहे, पण त्याच्या नावाचा पूर पुण्याचा आहे. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरे गेली, त्यांच्या विस्थापनाला असे सर्वतोमुखी झालेले नाव लाभले नाही. शहराची आपत्ती इतिहासाच्या पानावर आली. खोऱ्याची आपत्ती सातबाराच्या उताऱ्यात मिटून गेली.

या दुसऱ्या आपत्तीचे वाचन एका वैज्ञानिकाने केले. माधव गाडगीळ यांचा डोंगर, धरणे आणि जंगले यांच्या परस्परसंबंधावरील निबंध १९७९ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. धरणाने खोऱ्यातली सुपीक जमीन गेल्यावर शेतकरी उतारांवर चढले. धरणासाठी झालेल्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आत आले. झाडे तुटली, माती सुटली आणि ती जलाशयाकडे वाहू लागली, अशी ही कारणपरंपरा. उतारावरच्या वरकस जमिनीला किती वर्षे विसावा द्यावा लागतो, हिरडा का राखावा, देवराईत कुऱ्हाड का घालू नये, हे गावाला ठाऊक होते. वा. द. वर्तक यांच्यासह गाडगीळांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला तोही त्याच दशकात. म्हणजे वैज्ञानिकाचे ज्ञान आणि गावाचे ज्ञान यांच्यात येथे दरी नव्हती. एकाने दुसऱ्याकडून बरेच घेतले होते. हे ज्ञान इंग्रजी निबंधात नोंदले गेले. ज्यांच्याविषयी ते होते त्यांच्या हाती मात्र ते त्या रूपात परतले नाही.

तीन दशकांनी हाच प्रसंग मोठ्या पटावर घडला. मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञगट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये त्याने अहवाल सादर केला. १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा संपूर्ण घाटप्रदेश संवेदनशील मानून त्याची तीन स्तरांत विभागणी करावी, आणि अंतिम सीमा व नियम ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरावेत, असे त्याचे सूत्र होते. मंत्रालयाने अहवाल दडवून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर मे २०१२ मध्ये तो खुला झाला. लोकांनी वाचून मत द्यावे म्हणून लिहिलेली संहिता लोकांना मिळावी यासाठी न्यायालयात जावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे. पुढे महाराष्ट्र शासनाने प्रसृत केलेला मराठी सारांश मूळ अहवालाचा विपर्यास करणारा आहे, अशी तक्रार खुद्द गाडगीळांनी केली. भाषांतर हे येथे ज्ञानप्रसाराचे साधन न राहता ज्ञानाच्या नियंत्रणाचे साधन झाले.

अहवाल गावात पोचला तो अफवेच्या रूपात : घर बांधता येणार नाही, जनावरे चारता येणार नाहीत, जमीन जाणार. या प्रतिक्रियेला अज्ञान म्हणणे सोपे आहे. पण ज्या खोऱ्याने धरणासाठी जमीन दिली, वनखात्याची बंधने सोसली, आणि १९९६ च्या गिरिस्थानविषयक नियमांनंतर डोंगरउतारांवर नवे शहर वसवण्याचे बेत पाहिले, त्याने 'क्षेत्र' हा शब्द 'संपादन' या शब्दाच्या शेजारी ठेवून वाचला, तर त्यामागे अनुभवाने घडलेली अर्थनिर्णयनाची एक परंपरा आहे. चूक वाचनात झाली असेल. ती वाचकाच्या बुद्धीत नव्हती. मूळ अहवाल ग्रामसभेला निर्णयाचा अधिकार देत होता, एवढे एकच वाक्य विश्वासाने तिच्यापुढे वाचले गेले असते, तर अर्थ वेगळा लागण्याची शक्यता होती. ती शक्यताच नाहीशी केली गेली.

यानंतरचा इतिहास मसुद्यांचा आहे. कस्तुरीरंगन गटाने एप्रिल २०१३ मध्ये संरक्षणाची व्याप्ती घाटप्रदेशाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणली. तिच्या आधारे केंद्राने २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ अशा सहा मसुदा अधिसूचना काढल्या. ५६,८२५ चौरस किलोमीटरच्या यादीत महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. वेल्हे, भोर, मुळशी येथील गावे त्यांत येतात. हरकती मागवायच्या, मुदत संपू द्यायची, पुन्हा मसुदा काढायचा, असा हा क्रम. नकार द्यावा तर जबाबदारी येते, होकार द्यावा तर मते जातात. मसुदा या दोहोंतून सुटका करतो. निष्क्रियता म्हणजे मौन नव्हे. तीही कागद निर्माण करते. पहिला मसुदा १० मार्च २०१४ चा. त्याच वर्षी ३० जुलैला याच जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये डोंगर कोसळला. सहावा मसुदा दुसऱ्या दिवसाचा आहे.

दरम्यान पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हे ज्ञान सार्वजनिक भाषेत उतरले, पण विचित्र रीतीने. पूर्वी दरड कोसळली की 'निसर्गाचा कोप' म्हटले जाई. आता 'हवामानबदल' म्हटले जाते. शब्द वैज्ञानिक झाला, व्याकरण तेच राहिले : कर्ता नेहमी आकाशात. पाऊस वाढला असेल, तर उताराला हात लावताना अधिक जपायला हवे, हा त्या संशोधनातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष. सार्वजनिक भाषेने तो उलटवून 'पाऊसच इतका झाला, त्याला कोण काय करणार' असा केला. जो इशारा होता, तो सबब झाला. लोकांना विज्ञान कळत नाही या तक्रारीपेक्षा, विज्ञानाचा शब्द घेऊन त्यातली जबाबदारी वगळण्याचे हे कौशल्य अधिक चिंताजनक आहे.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास मान्यता दिली. नावाला इतिहासाचा आधार आहे आणि तालुक्याला त्याचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. पण चार महिन्यांनी त्याच तालुक्याच्या डोंगरांविषयीचा सहावा मसुदा निघाला, तो पुन्हा हरकती मागवणाराच होता. नाव निश्चित करता येते, सीमा निश्चित करता येत नाही. गडाच्या स्मृतीवर एकमत होते, गड ज्या उतारावर उभा आहे त्यावर होत नाही. या विसंगतीचे उत्तर वेल्ह्याच्या अडाणीपणात शोधणारी समीक्षा सदोष ठरेल. तेथील वाचकाने आपल्या वाट्याला आलेली संहिता वाचली आहे. त्याच्या वाट्याला कोणती संहिता येऊ दिली गेली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.