डाएट सोड्यात साखर नाही, मग तो बिनधास्त प्यावा का?

साध्या कोलाच्या 330 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम, म्हणजे आठ-नऊ चमचे साखर असते. डाएट कोलात ती शून्य. त्याचा गोडवा येतो अ‍ॅस्पार्टेमसारख्या कृत्रिम स्वीटनरमधून.

कॅन्सर होतो का?
जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगास कारणीभूत असू शकतं' अशा गटात टाकलं. मात्र पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे 40 मिलिग्रॅम अशीच कायम ठेवली. ती ओलांडायला 70 किलोच्या व्यक्तीला दिवसाला 9 ते 14 हून जास्त कॅन प्यावे लागतील.

वजन कमी होतं का?
वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे स्वीटनर वापरू नका, असं याच संघटनेने मे 2023 मध्ये सांगितलं. दीर्घकाळात चरबी कमी होत नाही, असं त्यांना आढळलं. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता.

आणखी काय?
डाएट सोडाही आम्लयुक्त असतो, त्यामुळे दातांचं एनॅमल झिजू शकतं. फिनाइलकीटोन्युरिया हा आनुवंशिक आजार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं.

थोडक्यात, साखरेच्या कोलाऐवजी कधीतरी डाएट सोडा चालेल. पाण्याऐवजी रोज नको.