मान वाकडी का?

मंडळी, भोर आणि वेल्हे (म्हणजे आताचा राजगड) या आपल्या डोंगरी तालुक्यांपासून सुरुवात करू. वर्गात एखादं मूल मान तिरकी करूनच फळ्याकडे बघतं. गुरुजी म्हणतात, ‘मान सरळ ठेव!’ जवळ जाऊन पाहिलं, तर बुबुळं आपोआप डावी-उजवीकडे हलत असतात. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात. त्याचा इतिहास शाळेतून नाही, खाणीतून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कोळसा खाणींत, मिणमिणत्या उजेडात राबणाऱ्यांचे डोळे असेच हलू लागले. दिवा, भिंत, सगळं डुलताना दिसे. कामगारांनी तक्रारी केल्या आणि १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये हा आजार नुकसानभरपाईच्या यादीत आला.

मुलांचं तसं झालं नाही. पहिल्या काही महिन्यांतच डोळे हलू लागले, तर मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. जग डुलतंय असं मुलाला सहसा वाटतच नाही. दिसतं मात्र पुसट. ज्यानं स्पष्ट कधी पाहिलंच नाही, ते तक्रार कशाची करणार?

मान तिरकी होते ती याचमुळे. पुष्कळांच्या नजरेला एक कोन असा असतो, की तिथं बुबुळं सर्वांत कमी हलतात. तो कोन मूल न शिकवता शोधतं, आणि आपण त्याला वळण लावायला जातो! १९५३ मध्ये अँडरसन आणि केस्टेनबॉम या दोन डॉक्टरांनी, डोळ्याचे स्नायू सरकवून तो कोन समोर आणायची शस्त्रक्रिया मांडली. डोळ्यांचं हलणं त्यानं पूर्ण थांबत नाही, पण मान पुष्कळ सरळ होते.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा यायचं, अशी त्याची आखणी. आता एक बारीक गोष्ट, बरं का. तक्ता वाचताना एक डोळा झाकला, की काही मुलांच्या उघड्या डोळ्याचं हलणं वाढतं आणि नजर आहे त्याहून कमी भरते. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान हवी तशी ठेवू देऊनही तपासायचं. मग चष्मा, आणि मागं मोतीबिंदू किंवा पडद्याचा दोष आहे का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पाहून घ्यायचं.

बाकाची जागाही बघायला हवी. चेहरा उजवीकडे वळवणारं मूल डावीकडच्या नजरेनं बघतं. त्याला वर्गाच्या उजव्या बाजूला, पुढच्या बाकावर बसवायचं.