मुहूर्तमेढ

लखनौ छावणीत गाड्यांसाठी मोठी शेड उभारायची होती. सालाच्या बल्ल्या, वर पत्रा. पहिल्याच आंधीत कोपऱ्यातला खांब उपटून आला. चूक माझीच. घाईत खड्डे उथळ घेतले, माती एकदम लोटून वरवर दाबली. नशिबाने खाली कोणी जवान नव्हता.

हलक्या छपराला वजनापेक्षा वाऱ्याचा धोका जास्त. वारा खालून शिरतो, पत्रा वर ढकलतो. तेव्हा खांबाला धरून ठेवते ती भोवतीची ठोकलेली माती.

हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांचे लाकूड, गवत सारे कुजून गेले. उरले खांबांचे खड्डे. त्यांच्या खुणांवरून घरांचे आकार कळले: आधीची चौकोनी, उत्तरकाळातल्या बऱ्याचशा गोल झोपड्या.

लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. कोणत्याही कामाच्या आरंभालाही आपण तेच म्हणतो. सुरुवात मातीतूनच होते, हे भाषेने जपून ठेवले आहे.

सुभेदार साहेबांनी सगळे खांब काढायला लावले. खड्डे खोल केले, बुडाला डांबर फासले, सहा-सहा इंचांचा थर टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोकला. दोन दिवस जास्त लागले.

पुढच्या आंधीत मी रात्री टॉर्च घेऊन तिथे गेलो. पत्रे थडथडत होते. खांब जागेवर होते.