पूर्वसूचना आणि प्राणहानि

स्वातंत्र्यासाठीं शस्त्र उचलणाऱ्या गुप्त मंडळांचा इतिहास लिहितांना एक अवघड प्रश्न पुढें उभा राहतो. ध्येय न्याय्य मानलें, तरी त्या ध्येयाच्या वाटेवर जीं निरपराध माणसें मेलीं, त्यांचा हिशेब कोणाच्या खातीं मांडावयाचा? पॅलेस्टाइनमधील ज्यू गुप्त संघटनांच्या बाबतींत हा वाद १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र जन्मास येण्यापूर्वींच, खुद्द ज्यू समाजांत सुरू झाला होता. आणि तो अद्यापि मिटलेला नाहीं.

जेरुसलेमचें किंग डेव्हिड हॉटेल हें त्या काळीं निव्वळ हॉटेल नव्हतें. त्यांत ब्रिटिश सरकारचें सचिवालय होतें व लष्कराची मुख्य कचेरीहि होती. ता. २२ जुलै १९४६ रोजीं इर्गुन संघटनेचे लोक अरब कामकऱ्यांच्या वेषांत तळघरांत शिरले, आणि दुधाच्या कॅनांतून आणलेलीं सुमारें ३५० किलो स्फोटक द्रव्यें त्यांनीं दक्षिण भागाखालच्या उपाहारगृहांत ठेवलीं. दुपारीं १२ वाजून ३७ मिनिटांनीं तो भाग कोसळला. ९१ माणसें मेलीं : ४१ अरब, २८ ब्रिटिश, १७ ज्यू व इतर ५. यांत सैनिक १३ व पोलिस ३. वरिष्ठ अधिकारी २१. बाकीचे कारकून, टंकलेखक, निरोपे, हॉटेलचे नोकर आणि केवळ रस्त्यानें जाणारे लोक.

हें कृत्य ज्या परिस्थितींतून उद्भवलें, ती दृष्टीआड करून चालणार नाहीं. १९३९ च्या श्वेतपत्रिकेनें ज्यूंचा पॅलेस्टाइनमधील प्रवेश पांच वर्षांत ७५,००० इतका मर्यादित केला, तो नेमका त्यांना युरोपांत कोठेंच थारा नव्हता तेव्हां. फेब्रुवारी १९४२ मध्यें ‘स्ट्रुमा’ जहाज काळ्या समुद्रांत बुडालें व साडेसातशेंहून अधिक निर्वासित प्राणांस मुकले. युरोपांत सुमारें साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. तरीहि युद्धानंतर दारें उघडलीं नाहींत. ता. २९ जून १९४६ रोजीं ब्रिटिशांनीं सुमारें २,७०० ज्यूंस अटक केली व ज्यू एजन्सीचीं कागदपत्रें नेलीं. या क्षोभाच्या भरांत हॉटेलवरील हल्ल्याचा बेत ठरला, व त्यास प्रारंभीं हागानाच्या नेतृत्वाचीहि संमति होती. स्फोटानंतर मात्र ज्यू एजन्सीनें त्याचा तीव्र निषेध केला.

इर्गुनचे नेते मेनाखेम बेगिन यांचा बचाव असा, कीं आम्हीं पूर्वसूचना दिली होती. हॉटेल, फ्रेंच वकिलात व ‘पॅलेस्टाइन पोस्ट’ या वृत्तपत्राची कचेरी अशा तीन ठिकाणीं दूरध्वनि केले; ब्रिटिशांनीं इमारत रिकामी केली नाहीं, त्यास आम्ही काय करणार? ब्रिटिशांचें म्हणणें असें, कीं इमारत रिकामी करविण्याचा अधिकार ज्यांस होता, त्यांच्यापर्यंत सूचना वेळेवर पोंचलीच नाहीं. ‘मी ज्यूंना हुकूम देण्यास आलों आहें, घेण्यास नव्हे’ अशा अर्थाचे उद्गार मुख्य सचिव जॉन शॉ यांच्या तोंडीं घालण्यांत आले. परंतु शॉ यांनीं तें ठामपणें नाकारलें, आणि तो मजकूर छापणाऱ्या लंडनच्या एका पत्रास माफी मागावी लागली.

मिनिटांचा हा हिशेब इर्गुनच्या बाजूनें धरला, तरी मूळ प्रश्न सुटतो काय? भर दुपारीं, कामाच्या दिवशीं, जेथें शेंकडों माणसें बसलीं आहेत तेथें स्फोटकें ठेवणारा मनुष्य त्या सर्वांचे प्राण एका दूरध्वनीवर आणि शत्रूच्या तत्परतेवर पणाला लावतो. ज्या शत्रूस आपण अन्यायी व मदांध ठरवितों, त्याच्याच शहाणपणावर परक्यांच्या जिवाची हमी कशी देतां येईल? शिवाय हॉटेलाजवळच्या रस्त्यावर त्यांनींच आधीं घडविलेल्या लहान स्फोटामुळें लोक पाहावयास त्या बाजूस गोळा झाले. पूर्वसूचनेनें अपराध सौम्य होतो हें खरें. पण तो दुसऱ्याच्या माथीं जात नाहीं.

मात्र या बचावांत एक मौल्यवान कबुली दडलेली आहे. सूचना दिली असें जो आग्रहानें सांगतो, तो निःशस्त्र माणसांस मारणें गैर आहे हें मान्यच करतो. तीच कसोटी आठ वर्षें मागें नेऊन पाहावी. ता. २५ जुलै १९३८ रोजीं हैफाच्या बाजारांत इर्गुनच्या बाँबनें चाळीसच्या आसपास अरब मेले. तेथें सचिवालय नव्हतें, लष्कर नव्हतें, सूचनाहि नव्हती. होता तो भाजीपाल्याचा बाजार. अरब बंडाच्या त्या वर्षांत ज्यूंवरहि हल्ले होत होते, म्हणून हा सूड, असें समर्थन झालें. परंतु त्याच हल्ल्यांना तोंड देणाऱ्या ज्यू समाजाच्या अधिकृत नेतृत्वानें ‘हाव्लागा’ म्हणजे आत्मसंयम हें धोरण स्वीकारलें होतें. दुसरा मार्ग नव्हता, असें म्हणण्यास म्हणूनच जागा राहत नाहीं.

अशा सुडाची परतफेड कोण करतो, हें ता. ३० डिसेंबर १९४७ रोजीं दिसलें. हैफाच्या तेलशुद्धि कारखान्याच्या दाराशीं कामाच्या आशेनें उभ्या असलेल्या अरब मजुरांवर इर्गुननें बाँब टाकले. सहा जण मेले. तत्क्षणीं आंतील अरब जमावानें आपल्या शेजारीं राबणाऱ्या ३९ ज्यू कामगारांस ठार केलें. ज्यू एजन्सीनें इर्गुनच्या कृत्याचा धिक्कार केला खरा. पण दुसऱ्याच रात्रीं हागानानें बलद अल्-शेख या अरब गांवावर हल्ला चढविला व अनेकांस मारिलें. पुढें फेब्रुवारी १९४८ मध्यें जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर अरब पक्षानें घडविलेल्या स्फोटांत पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. प्रत्येक पक्षापाशीं आधीच्या दिवसाचें कारण तयार होतें. बाँब टाकणारे निसटले, आणि किंमत त्यांच्याच जातभाईंतील मजुरांनीं दिली.

२००६ सालीं, स्फोटास साठ वर्षें झालीं तेव्हां, हॉटेलापाशीं एक स्मृतिफलक लावण्यांत आला. सूचना देऊनहि इमारत रिकामी न करण्याचें कारण ब्रिटिशांनाच ठाऊक, अशा आशयाचा त्यावरील मजकूर पाहून ब्रिटिश वकिलातीनें आक्षेप घेतला. राष्ट्र यशस्वी झालें कीं त्याच्या बंडखोरांना फलक मिळतात; हा जगाचा नियमच आहे. बेगिन स्वतः १९७७ सालीं पंतप्रधान झाले, आणि पुढें ईजिप्तशीं समझोता करून शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरीहि ठरले. परंतु यशानें कृत्याचा परिणाम सिद्ध होतो, त्याची नीति सिद्ध होत नाहीं. त्या दुपारीं टेबलाशीं बसलेल्या टंकलेखकानें ना श्वेतपत्रिका लिहिली होती, ना जहाजें परतविलीं होतीं. ज्यूंचा न्याय्य आक्रोश आणि त्याचा अन्याय्य मृत्यु, ही दोन्ही सत्यें एकाच पानावर लिहिण्याचें धैर्य ज्या इतिहासाला होईल, त्यालाच खरा इतिहास म्हणावें.