मेडिकलला नंबर: चांदा-गडचिरोलीकडून पाहिलेला प्रवेशाच्या अटींचा इतिहास

डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने आधी किती शिकलेले असावे, याबाबत जगात कधीच एकमत नव्हते. 1883 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशींना प्रवेश मिळाला, तेव्हा त्या मॅट्रिकही झालेल्या नव्हत्या. दहाच वर्षांनी त्याच अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेने प्रवेशासाठी पदवीची अट घातली. वैद्यकीय शिक्षणावरच्या 1910च्या फ्लेक्सनर अहवालानंतर ढिलाईने चालणाऱ्या शाळा बंद पडत गेल्या आणि आधी पदवी, मग वैद्यक हा क्रम तिथे रुळला. ब्रिटन आणि जर्मनीत मात्र शाळा संपवून थेट वैद्यकाकडे जाता येते. जर्मनीत शालान्त परीक्षेच्या, म्हणजे आबिटूरच्या, गुणांना मोठे वजन असते. भारताने ब्रिटिश वाट धरली.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झाले. तेव्हा मुंबईला विद्यापीठच नव्हते, ते 1857 साली आले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीचा या घडामोडींशी संबंध येत नव्हता. गाव तेव्हा चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्यातले, जिल्हा मध्य प्रांतातला, आणि त्या प्रांतात 1947पर्यंत वैद्यकाची पदवी देणारे एकही कॉलेज नव्हते. नागपूरला 1914 साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले, पण तिथे पदवी नव्हे तर एल.एम.पी. ही सनद मिळे. मॅट्रिक झालेल्याने चार वर्षे शिकायचे आणि दवाखाना थाटायचा. कागदावर अट सोपी होती. अडचण मॅट्रिक होण्याचीच होती. त्यासाठी चांदा किंवा नागपूर गाठावे लागे. चांद्याच्या वाटेवर वैनगंगा आडवी येई आणि पावसाळ्यात ती ओलांडायला डोंग्याचाच आधार असे. ज्या घरात मुलाला परगावी ठेवायची ऐपत होती, त्याच घरातला मुलगा तिथवर पोचे.

भोर समितीने 1946 साली सनदधारक डॉक्टरांची ही पायरी काढून टाकून देशभर एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार करावा असे सुचवले. खेड्यांना आणखी बराच काळ सनदधारकांची गरज पडेल, असे वाटणारे सदस्यही समितीत होते. त्यांनी भिन्नमत नोंदवले. जंगलपट्ट्यातून पाहिले तर त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण देशाने बहुमताचा रस्ता घेतला. नागपूरला 1947 साली मेडिकल कॉलेज उघडले आणि प्रवेशाची पायरी मॅट्रिकवरून इंटर सायन्सवर गेली. पुढे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि ती जागा बारावीने घेतली. ‘मेडिकलला नंबर लागला का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला.

नंबर कशावर लागायचा, हे मात्र सतत बदलत राहिले. आधी बोर्डाचे गुण होते. 1999पासून राज्याची सीईटी आली. सेवाग्रामचे कॉलेज स्वतःची परीक्षा घेई आणि तीत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. मग 2013 साली देशभरासाठी एकच प्रवेश परीक्षा, नीट, आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि 2016 साली ती परत लागू झाली. 2017पासून ती मराठीतही देता येते. पात्रतेची अट आजही माफकच आहे: वयाची 17 वर्षे पूर्ण, बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 40. खरी चाळणी लागते ती नीटच्या 720 गुणांवर. त्यांतले 360 एकट्या जीवशास्त्राचे. परदेशी शिकायला जाणाऱ्यांनाही 2018पासून ही परीक्षा चुकवता येत नाही. रशिया किंवा कझाकस्तानची फी परवडत असली तरी आधी नीट पात्र व्हावेच लागते, आणि परतल्यावर इथली चाळणी परीक्षा वेगळीच.

गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात याखेरीज आणखी एक अट असते. ती शिक्षणाची नाही, कागदाची आहे. राज्यात अनुसूचित जमातींना 7 टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. ही पडताळणी व्यवस्था ज्या माधुरी पाटील खटल्यातून उभी राहिली, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली दिला; तो वादही व्यावसायिक शिक्षणातल्या राखीव जागांवरूनच पेटला होता. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा जात होत्या, म्हणून नियम कडक झाले. पण सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आला. जमातींची यादी 1950 सालची, म्हणून त्याआधीचा पुरावा सर्वांत वजनदार. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल काढून आणायची. ज्या माडिया कुटुंबातला आजा शाळेतच गेला नाही, तिथे दाखला कुठून येणार? मग तहसील कचेरीतल्या जुन्या, जीर्ण नोंदी धुंडाळायच्या. त्यात नावाचे किंवा जमातीचे स्पेलिंग वेगळे निघाले की पुन्हा खेटे.

कॉलेज मात्र आता जवळ आले आहे. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. चंद्रपूरला 2015 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि 2024 साली राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांत गडचिरोलीचेही नाव आले. चामोर्शीहून तिथे एसटीने रोज जाऊन येता येईल, इतके ते जवळ आहे. पूर्वी राज्यात 70:30चे सूत्र होते आणि 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना मिळत. मराठवाड्यात कॉलेजे कमी, म्हणून तिथून या सूत्राला विरोध होता. सप्टेंबर 2020मध्ये ते रद्द झाले. गडचिरोलीच्या कॉलेजात 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि सूत्र गेल्यामुळे उरलेल्या 85 टक्क्यांसाठी चामोर्शीचा विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या आणि लातूरच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच गुणवत्ता यादीत उभा असतो.