रगडणारा हात

शहापूर-मुरबाडकडे भाताची आवणी संपता संपता कंबरेत उसण भरलेली माणसे घरोघर दिसतात. पूर्वी अशा वेळी पायाळू माणसाची शोधाशोध होई. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला लाथ लावली की उसण जाते, असा समज. ती लाथेने जाई की दोन दिवसांच्या निजण्याने, हा वाद मी गावात कधी काढला नाही. मात्र थोडे सोसल्यावाचून दुखरे अंग मोकळे होत नाही, ही समजूत आपल्याकडे फार जुनी.

हिंदुस्थानचा राजा न्यायनिवाडा ऐकत असतानाच चौघे जण त्याचे अंग लाकडी दांड्यांनी रगडीत, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. सुश्रुताने अभ्यंग, उद्वर्तन, संवाहन यांचे गुण निरनिराळे सांगितले आणि नव्या तापात व अजीर्णात तेल लावू नये, असेही बजावले. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदाने ही चंपी ब्रायटनला नेली, १८२२ साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे तो राजा चौथ्या जॉर्जचा अंगमर्दक झाला. इंग्रजी 'शॅम्पू'चे मूळही हिंदीतल्या 'चाँपो'त, म्हणजे दाबण्यात आहे. केसांशी त्याचे नाते मागाहून जुळले.

दरबारात 'पुरे' म्हणण्याचा अधिकार एकट्या राजाचा. बाळंतिणीच्या खोलीत तो कोणाचा? माझ्या पहिल्या बाळंतपणात मुरबाडकडची एक सुईण येई. घरातल्या वडीलधाऱ्या बायका दाराआडून "सोस गं" म्हणत, ही मात्र म्हणे, "दुखलं तर सांग, बाय." नुसते 'दुखते' ऐकून ती थांबत नसे. दुखणे दोन तऱ्हेचे, असे तिचे शास्त्र. दाबल्यावर श्वास आपसूक बाहेर पडला तर ते सुटणारे. श्वास अडकला, पायाची बोटे वळली तर ते धरणारे, तिथे हात उचलायचा. म्हणून तिची नजर हाताखालच्या अंगावर नसे, माझ्या तोंडावर असे. इतका बारीक विचार मी पुढे मोठ्या पदव्यांच्या माणसांतही क्वचितच पाहिला.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली. बाळंतपणे दवाखान्यांकडे अधिकच वळली. सुईणीचे नाळ कापणे सुटले, तेलाची वाटी राहिली. आता तिची सून हे काम करते. सिझेरियन झालेल्या मुलीला ती आधी टाक्यांविषयी विचारते, पाठ-पाय तेवढे चोळते आणि डॉक्टरांनी होकार दिल्याखेरीज पोटाला तेलाचे बोट लावीत नाही. पोट सुटेल म्हणून सासवा कुरकुरतात. ती ऐकत नाही.