फरशी धुणारं यंत्र आणि त्याला वाट दाखवणारा माणूस



२०१९ सालची गोष्ट आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मॅरिएटा नावाचं शहर आहे. तिथल्या वॉलमार्टच्या एका दुकानात फरशी धुणारं स्वयंचलित यंत्र आलं. दिसायला छोट्या गाडीसारखं. बसायला सीट, धरायला स्टिअरिंग, पण चालवायला कोणी नाही. दुकानातल्या लोकांनी त्याचं बारसं केलं. नाव कुणाचं ठेवलं? त्याच दुकानातल्या एका सफाई कामगाराचं. यंत्र सुरू व्हायच्या थोडंच आधी त्याला कामावरून कमी केलं होतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ही हकीकत छापली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. त्याच बातमीत आणखी एक तपशील होता. हे यंत्र मधूनच भलतीकडे जायचं आणि त्याला पुन्हा पुन्हा शिकवावं लागायचं.

या ‘शिकवावं लागायचं’पाशी आज आपल्याला थांबायचं आहे. फरशी धुणारे यंत्रमानव हजारोंनी कसे पसरले, याचा इतिहास या एका शब्दात आहे. आपली समजूत अशी असते, की यंत्र हुशार झालं, माणसाची गरज संपली आणि मग ते सगळीकडे गेलं. प्रत्यक्षात जवळजवळ उलट झालं. माणसाला पूर्ण बाजूला काढण्याचा हट्ट होता, तोवर ही यंत्रं दोन-चार इमारतींच्या पुढे गेली नाहीत. माणसाकडून शिकायचं असं ठरलं, तेव्हा ती पसरली.

आता थोडं मागे जाऊ. फरशी धुण्याचं यंत्र, ज्याला आपण स्क्रबर म्हणतो, ते यंत्रमानवाच्या पुष्कळ आधीचं. त्यात दोन टाक्या असतात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक मळक्या पाण्याची. खाली फिरणारे ब्रश, मागे रबरी पट्टी आणि पाणी ओढून घेणारा पंखा. पुढे धुवायचं, मागे कोरडं करायचं. म्हणजे घासण्याचा प्रश्न सुटलेलाच होता. उरला होता तो चालवण्याचा. वॉलमार्टचं एक मोठं दुकान सरासरी १ लाख ८० हजार चौरस फुटांचं असतं, म्हणजे चार एकरांहून थोडं जास्त. एवढ्या जागेत एक माणूस रोज रात्री काही तास नुसता यंत्राच्या मागे चालणार किंवा त्यावर बसून फिरणार. खर्चाचा मोठा वाटा यंत्राचा नाही, साबणाचा नाही, या तासांचा.

हे तास वाचवायचा एक सुरुवातीचा गंभीर प्रयत्न साधारण १९९०च्या आसपासचा. जोसेफ एंगेलबर्गर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक यंत्रमानव बसवला, त्यामागे हेच गृहस्थ. पुढे त्यांना वाटलं, कारखान्याच्या बाहेर, दवाखान्यात, इमारतींत यंत्रमानव गेला पाहिजे. त्यांच्या नव्या कंपनीने सफाईयंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीबरोबर फरशी साफ करणारा यंत्रमानव तयार केला. पुढे जर्मनीत सीमेन्सच्या संशोधकांनी थेट सुपरमार्केटमध्ये अशा यंत्राच्या चाचण्या घेतल्या आणि १९९८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. म्हणजे बघा, कल्पना होती, पैसे होते, मोठमोठी नावं होती. तरी हे यंत्र घरोघर सोडाच, दुकानोदुकानीही पोहोचलं नाही.

का नाही पोहोचलं? एक कारण सरळ आहे. अंतर मोजणारी उपकरणं महाग होती आणि संगणक मंद. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्रत्येक इमारत वेगळी. तिचा नकाशा करायचा, यंत्राला तो समजावायचा, कुठे काच आहे, कुठे सरकता जिना आहे हे टाळायला सांगायचं. यासाठी तज्ज्ञ माणूस जागेवर जाणार. एका इमारतीला हे परवडतं. हजार इमारतींना हजार वेळा तज्ज्ञ पाठवायचा म्हटलं, की वाचलेली मजुरी त्याच्या भाड्यातच गेली. शिवाय दुकान स्थिर नसतं. सणासुदीला मधोमध मालाचा ढीग लागतो, कपाटं हलतात आणि कालचा नकाशा आज खोटा ठरतो.

जपानने यावर वेगळा उपाय काढला. फुजी हेवी इंडस्ट्रीज, म्हणजे सुबारू गाड्या बनवणारी कंपनी, आणि सुमितोमो यांनी २००१पासून टोकियोच्या हारुमी ट्रायटन स्क्वेअरमध्ये सफाईचे यंत्रमानव चालवले. ते रात्री स्वतः लिफ्टला संदेश पाठवायचे, लिफ्टमध्ये शिरायचे, वरच्या मजल्यावर जाऊन तिथला कॉरिडॉर स्वच्छ करायचे. २००६ साली जपानमध्ये पहिला ‘रोबोट ऑफ द इयर’ पुरस्कार याच व्यवस्थेला मिळाला. काम अप्रतिमच होतं. पण त्यात अट अशी, की इमारतीने यंत्राशी जुळवून घ्यायचं. जिथे लिफ्टच यंत्राशी बोलते तिथे ठीक. बाकीच्यांनी काय करायचं?

कोणी विचारेल, २००२ साली घरगुती रूम्बा आला होता की! तोच मोठा का नाही केला? पहिला रूम्बा भिंतीला धडकायचा, वळायचा, पुन्हा धडकायचा. एका खोलीत अर्धा-पाऊण तास असं फिरलं की बहुतेक जागा झाडून होते. चार एकरांत हे चालत नाही. तिथे पाणी आहे, शेकडो किलोंचं यंत्र आहे, आजूबाजूला माणसं आहेत, आणि सकाळी सुपरवायझर विचारणार: सात नंबरची रांग झाली का?

आता आपण येतो वळणाच्या जागी. २००९ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ब्रेन कॉर्प ही कंपनी निघाली. संस्थापकांपैकी यूजीन इझिकेविच हे मेंदूविज्ञानातले संशोधक. नाव मेंदूचं, पण कंपनीने जे व्यवहारात आणलं ते फार साधं होतं. स्क्रबर आपण बनवायचा नाही. जे बनवतात, उदाहरणार्थ १८७० सालापासूनची टेनंट, त्यांच्याच यंत्रात कॅमेरे, सेन्सर आणि आपली आज्ञावली बसवायची. सीट आणि स्टिअरिंग तसंच ठेवायचं. भिंतीवर एक खुणेचा कागद चिकटवायचा, तिथून सुरुवात. रोजचा कामगार सीटवर बसून एकदा पूर्ण फेरी मारून दाखवणार. यंत्र ती वाट लक्षात ठेवणार आणि दुसऱ्या दिवसापासून गिरवणार, जसं मूल पाटीवर काढून दिलेलं अक्षर गिरवतं तसं. मध्ये माणूस आला तर थांबणार, खोकं आलं तर शक्य असल्यास वळसा घालणार. मांडणी बदलली? पुन्हा एक फेरी मारून दाखवा.

लक्षात आलं का काय झालं ते? प्रत्येक इमारतीचा तज्ज्ञ त्या इमारतीत आधीपासून होताच. तो सफाई कामगार होता. भाजीच्या विभागात पानं कुठे पडतात, फ्रीजच्या कपाटांपुढे पाणी कुठे साचतं, माल किती वाजता उतरतो, हे त्यालाच माहीत. बाहेरचा इंजिनिअर पाठवायची गरज बरीचशी संपली, आणि मग आकडे धावले. जानेवारी २०१९अखेर ३६० यंत्रं वॉलमार्टच्या दुकानांत बसवायची, असं जाहीर झालं होतं. एप्रिलमध्ये वॉलमार्टने आकडा सांगितला १,५००. २०२० साली त्यांच्याच सॅम्स क्लब या साखळीने आपल्या सर्व, म्हणजे सुमारे ६०० दुकानांत टेनंटची यंत्रं नेण्याचं ठरवलं.

पुढचं पाऊल आणखी बोलकं आहे. वॉलमार्टने कपाटांवरचा माल तपासणारे वेगळे यंत्रमानव आणले होते. २०२० साली ते बंद केले. मात्र २०२२ साली सॅम्स क्लबने माल तपासणारा कॅमेऱ्यांचा मनोरा थेट फरशी धुणाऱ्या यंत्रावरच बसवला. का? कारण रोज, न चुकता, प्रत्येक रांगेतून जाणारं दुकानात हेच एक होतं. पूर्वी तसा जाणारा सफाई कामगार होता. त्याच्या रोजच्या फेरीची ही किंमत तो स्वतः फेरी मारत असताना कुणी मोजली नव्हती.

आणि माणूस खरंच गेला का? टाकी भरणं, मळकं पाणी ओतणं, रबरी पट्टीत अडकलेला दोरा काढणं, कोपरे आणि जिने पुसणं हे सगळं हातानेच होतं. अडकलं की यंत्र मोबाइलवर निरोप पाठवतं आणि कुणीतरी धावत जातं. कंपन्या सांगतात, कामगार दुसऱ्या कामाला मोकळा झाला. काही ठिकाणी तसं झालंही असेल. मॅरिएटाच्या त्या माणसाचं मात्र फक्त नाव मागे राहिलं.

आपल्याकडे काय? पुण्यातच पेपरमिंट नावाची कंपनी मोठ्या जागांसाठी असे यंत्रमानव बनवते. पण आपलं गणित निराळं आहे. इथे मजुरी कमी, आणि पुष्कळ ठिकाणी हाऊसकीपिंगचं कंत्राट माणशी ठरतं. माणसं जितकी जास्त, तितकी कंत्राटदाराची टक्केवारी जास्त. त्यामुळे यंत्र आणण्यात त्याला गोडी नाही. कंत्राट डोक्यांवर न ठरता स्वच्छ केलेल्या जागेवर ठरायला लागलं, की ही गती बदलेल. ते होईल तेव्हा विचारायचा प्रश्न आत्ताच ठरवून ठेवू. आपल्याकडे सफाईला जात चिकटलेली आहे. झाडू ज्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, यंत्राची किल्ली त्याच्याच हातात जाणार का? ऑपरेटर म्हणून त्याचा पगार वाढणार का? की फेरी मारून दाखवेपर्यंत तो हवा आणि यंत्राला वाट पाठ झाली की नको?

यंत्राने वाट शिकली ती कुणाकडून, हे यंत्रात कुठेच नोंदलेलं नसतं. कंत्राटात आणि पगारपत्रकात तरी ते नोंदलं जावं, एवढंच म्हणून मी थांबतो.